पिल्लू ढुंगण घासतंय, म्हणून ग्रंथी पिळायच्या?

प्रश्न : आमच्याकडे साडेतीन महिन्यांचा शित्झू जातीचा कुत्रा आहे, लाडू. घरी आणल्यापासून तो मधूनच फरशीवर बसतो आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत ढुंगण घासत जातो. वळून वळून शेपटीखाली चाटतो. कधीकधी त्याला सुकटीसारखा वास येतो, आता सोफ्यालाही लागलाय. ग्रूमरने शेपटीखालच्या ग्रंथी भरल्यात असं सांगून दोनदा पिळल्या आणि दर पंधरा दिवसांनी घेऊन या म्हणाला. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, जंत झालेत. शेजारचे काका म्हणतात, ऑपरेशन करून त्या ग्रंथी काढूनच टाका, कटकट मिटेल. खाणं दूध-पोळी, कधी वरणभात, मधल्या वेळी बिस्किटं. शी बहुतेक वेळा पातळच असते. जंताचं औषध एकदा दिलंय, दुकानातून आणून. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, ती दिवसभर त्याच्याच मागे असते. काय करू? आणि सोफ्याच्या वासाचं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंच्या बाजूने कौल देते, निदान पहिल्या फेरीपुरता. एवढं लहान पिल्लू ढुंगण घासत असेल तर माझी पहिली शंका जंतांवर जाते, दुसरी पातळ शीवर. ग्रंथींचा नंबर त्यानंतर लागतो. लाडूच्या ग्रंथी भरत असतीलही, ग्रूमर खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण त्या का भरतात ते तुम्हीच जाता जाता लिहून गेलात : शी बहुतेक वेळा पातळच असते. मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

आधी या ग्रंथी म्हणजे काय ते बघू, कारण त्यांच्याविषयी फार गैरसमज आहेत. गुदद्वाराच्या कडेला, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात. लाडूएवढ्या पिल्लात त्या जेमतेम वाटाण्याएवढ्या. त्यांच्यात तपकिरी, पातळसर, उग्र वासाचा स्राव साठतो आणि एका बारीक नळीतून गुदद्वाराच्या काठावर बाहेर पडतो. कुत्रा शी करतो तेव्हा घट्ट शी बाहेर येताना या पिशव्या आतून दाबल्या जातात, थोडा स्राव शीवर लागतो आणि पिशवी रिकामी होते. कुत्री एकमेकांची शी आणि ढुंगणं हुंगत बसतात ती याच वासासाठी; त्यांच्या जगात ती ओळखपत्रं असतात. कुत्रा दचकला, घाबरला तरी पिशवी एकदम रिकामी होते. दवाखान्यातल्या टेबलावर पिल्लू ठेवलं आणि खोलीत बोंबलाचा वास पसरला, हे आमचं रोजचंच. तेव्हा फटाका वाजल्यावर किंवा कुकरची शिट्टी ऐकून लाडूला कधी असा वास आला, तर तो आजार समजू नका.

आता शी पातळ असेल तर काय होतं? पिशवीवर दाब येत नाही. ती रोज थोडी थोडी भरत राहते, आतला स्राव घट्ट होतो, नळी तुंबते, तिथे ठणकायला लागतं. मग पिल्लू घासतं आणि चाटतं. ग्रूमर पिळतो, दोन दिवस सुटका होते. शी तशीच पातळ राहिली की पिशवी पुन्हा भरते. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय असा माझा अंदाज आहे. यात दर पंधरा दिवसांनी पिळत राहणं म्हणजे गळक्या नळाखालची बादली तेवढी रिकामी करणं.

पिळण्याचं नुकसानही आहे, आणि ते कोणी सांगत नाही. या पिशव्यांचं अस्तर नाजूक असतं. पुन्हापुन्हा, जोर लावून, बाहेरून दाबलं की ते सुजतं, नळीच्या तोंडाशी सूज येते आणि स्राव आपोआप बाहेर पडणं आणखी अवघड होतं. आत आधीच जंतुसंसर्ग असेल तर अशा दाबाने पिशवी आतल्या आत फुटू शकते. आम्ही ती रिकामी करतो तेव्हा हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून, एक बोट आत आणि अंगठा बाहेर ठेवून हलक्या दाबाने करतो. पिल्लू फार लहान असेल आणि बोट आत घालणं शक्य नसेल तर बाहेरूनच, पण जपून. आणि आलेला स्राव बघतो. पातळ, पिवळसर तपकिरी असेल तर ठीक. लगद्यासारखा घट्ट असेल तर तुंबलेलं आहे. हिरवट-पिवळा पू किंवा रक्त असेल तर संसर्ग आहे आणि उपचार पूर्ण वेगळा. ग्रूमरला आंघोळ, केस आणि नखं यांचं काम उत्तम येत असेल, पण हे निदान त्याच्या कामात बसत नाही. पुढच्या वेळी त्याला सरळ सांगा : केस काप, ग्रंथींना हात लावू नकोस. कुत्रा निरोगी असेल तर त्या नियमाने पिळाव्या लागतच नाहीत. काही थोड्या मोठ्या कुत्र्यांना अधूनमधून लागतं, पण तेव्हाही कधी करायचं ते डॉक्टर तपासून ठरवतात.

ग्रूमरवरून आठवलं. शित्झूला शेपटीखाली दाट केस असतात. पातळ शी त्या केसांना लागते, वाळते, कातडी ओढते आणि खाज येते. आणि मशीनने तिथले केस अगदी मुळापर्यंत कापले की कातडी सोलवटते, तेव्हाही पिल्लू घासत सुटतं. लाडू ग्रूमरकडून आल्या आल्या जास्त घासतो का, हे नीट आठवून बघा. आज संध्याकाळी त्याला मांडीवर घ्या, शेपटी वर करा आणि उजेडात बघा. शी चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, कोरडी ओढू नका. डेटॉल, सॅव्हलॉन, हळद-तेल, कडुनिंबाचं तेल यातलं काही तिथे लावू नका. तो ते चाटणारच आहे.

बघतच आहात तर तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं काही केसांत चिकटलंय का, तेही बघा. कधी ते वळवळतं, वाळलं की तिळासारखं दिसतं. ते चपट्या जंताचे तुकडे असतात. ते गुदद्वारातून बाहेर सरकतात आणि भयंकर खाजवतात. हे जंत पिसवांमधून येतात : पिल्लू अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्या पोटातला जंत त्याच्या पोटात जातो. दुकानातून आणलेल्या औषधांपैकी बरीच गोल जंतांवर चालतात, चपट्यांवर नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं. आणि ते देऊनही घरातल्या पिसवा तशाच राहिल्या तर तीनेक आठवड्यांत जंत परत. पिसवा आहेत का ते कळायला बारीक दातांची फणी पाठीवरून आणि शेपटीच्या मुळाशी फिरवा, निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पिसवांचं औषध मात्र लाडूच्या वयाचं आणि वजनाचं, डॉक्टरांना विचारूनच. मोठ्या कुत्र्यांसाठीचं गोचिडीचं औषध पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालणं धोक्याचं आहे.

गोल जंतांची गोष्ट निराळी. ते पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात, उरलेसुरले दुधातून. म्हणून कितीही चांगल्या घरचं, कितीही महागाचं पिल्लू असलं तरी ते जंत घेऊन आलंय असंच धरून चालायचं. एका डोसने आतड्यातले मोठे जंत मरतात, पण शरीरात फिरणाऱ्या अळ्या काही दिवसांनी आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांचं असताना, मग दर दोन आठवड्यांनी दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, असा क्रम ठेवतात. तुमचा एकच डोस झालाय, तोही वजन न करता. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा, मग डोस. अंकुशकृमी (हुकवर्म) या जातीचे जंत असतील तर ते रक्त पितात. लाडूच्या हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या, तेही बघून ठेवा. पांढुरक्या असतील तर उद्यापर्यंत थांबू नका.

तुमच्या मुलीचा विषय इथेच घेते. गोल जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात, क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. घाबरवायला सांगत नाही, कारण बचाव सोपा आहे. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली की बराचसा धोका संपला. कुंड्या, अंगण, मुलीची वाळूची जागा, इथे त्याला बसू देऊ नका. खेळून झाल्यावर आणि जेवणाआधी तिचे हात साबणाने धुवा. तोंड चाटू देणं मात्र सध्या बंद, लाडू आत्ताच ढुंगण चाटून आलाय हे लक्षात असू द्या.

आता खाणं. दूध बंद करा, आजच. पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्याच्या आतड्यात कमी होत जातं. मग गाय-म्हशीचं दूध पोटात गेलं की ढाळ. पाण्यात कालवलं तरी तेच. पोळी आणि बिस्किटांत पिठाशिवाय फारसं काही नाही, आणि या वयात लाडूची हाडं, स्नायू, मेंदू सगळं बांधलं जातंय. त्याला प्रथिनं आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात हवं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं, छोट्या जातीचं तयार खाणं. मोठ्या कुत्र्यांचं नको. दिवसाचं प्रमाण पाकिटावर वजनानुसार दिलेलं असतं. ते मोजून तीन-चार वेळांत विभागा. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं बिनहाडाचं चिकन, अंडं, भात, लाल भोपळा चालतो, पण नुसतं एवढ्यावर वाढतं पिल्लू महिनोन्‌महिने ठेवू नका. कॅल्शियम कमी पडतं. डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. शाकाहारी घर असेल तर तेही स्पष्ट सांगा, लाजू नका. अर्धवट खरं सांगून मिळालेल्या आहाराच्या यादीचा काही उपयोग नसतो.

नवं खाणं एकदम सुरू केलंत तर शी आणखी पातळ होईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. आठवडाभर जुन्यात मिसळत, रोज नव्याचं प्रमाण वाढवत न्या. दूध मात्र पहिल्याच दिवशी जातं. शी घट्ट व्हायला जेवणात उकडून कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर घाला, मीठ-फोडणी काही नको. किंवा पाव चमचा इसबगोल, पण पाण्यात नीट फुगवून. कोरडा दिलात तर तो आतलं पाणी शोषेल आणि शी अडकेल. पाणी कायम समोर ठेवा. शी कशी हवी? उचलली तर आकार मोडू नये आणि फरशीवर डाग राहू नये, इतकी. खडे नकोत. वरणभातातला कांदा-लसूण, मुलीच्या हातातली द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे त्याच्या वाटेला जाणार नाही एवढं बघा. ते विषारी आहेत, आणि तीन वर्षांची मुलं फार उदार असतात.

आता दवाखान्याचं. या आठवड्यात एकदा जाच, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. त्या दिवशी सकाळची ताजी शी छोट्या स्वच्छ डबीत घेऊन जा. त्यात जंतांची अंडी तर बघतातच, शिवाय जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवीही बघता येतात. पिल्लांच्या चिवट जुलाबांमागे ते असतात आणि नेहमीच्या जंताच्या औषधाने जातातच असं नाही. जिआर्डिया एका तपासणीत हुकतो, म्हणून दोन-तीन दिवसांची शी मागितली तर कुरकुर करू नका. लसीकरणाचं कार्ड न्या. जंताचं जे औषध दिलंत त्याचं पाकीट किंवा फोटो न्या. साताऱ्यात तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर तिथेच जा. त्यांनी पुढे पाठवलं तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांचा दवाखाना तुम्हाला जवळचा.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी जायचं. गुदद्वाराच्या एका बाजूला लाल किंवा जांभळट, गरम, दुखरी गाठ आली तर ते गळू आहे. ते फुटून रक्त-पू आला तरी डॉक्टर लागतातच, ते आत धुऊन औषध भरतात, पोटात अँटिबायोटिक आणि वेदनाशामक देतात. आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर. लाडू त्या कॉलरने भिंतींना धडकत फिरेल आणि तुम्हाला त्याची दया येईल, तरी काढू नका. गळू फुटलेलं नसेल तर डॉक्टरांनी सांगितल्यावर कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा, दहाएक मिनिटं शेक देता येतो. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातली कोणतीही गोळी, अर्धीसुद्धा, पाव सुद्धा, कधीही नाही. कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि यकृताला ती सोसत नाहीत, आणि लाडूचं वजनच दोन-अडीच किलो असेल.

दुसरं, कुंथून कुंथून गुदद्वारातून लाल, ओलसर नळीसारखं काही बाहेर आलं आणि आत गेलं नाही, तर ते आतडं आहे. जंत आणि जुलाब असलेल्या पिल्लांत हे होतं. ओल्या स्वच्छ फडक्याने झाकून, चाटू न देता, थेट दवाखाना. आणि तिसरं म्हणजे उलट्या, रक्ताचे जुलाब, मरगळ, खाणं बंद. लसी पूर्ण नसतील तर हे पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतं आणि त्यात तासांचा हिशोब असतो.

शेजारच्या काकांना नम्रपणे नाही म्हणा. त्या ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन असतं, पण ते वारंवार गळू होणाऱ्या मोठ्या कुत्र्यांसाठी, बाकी सगळं करून थकल्यावर. पिशव्या गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंमध्येच बसलेल्या असतात. तिथल्या नसांना धक्का लागला तर कुत्र्याचा शीवरचा ताबा जाऊ शकतो, कायमचा. ढुंगण घासतो म्हणून पिल्लावर हा डाव खेळायचा नसतो.

समजा जंत गेले, पिसवा गेल्या, शी छान बांधून यायला लागली आणि तरी पाच-सहा महिन्यांनी लाडू पुन्हा घासायला लागला. तर मग डॉक्टरांना ॲलर्जीबद्दल विचारा. ॲलर्जीची सुरुवात बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात होते आणि काही कुत्र्यांत ती आधी शेपटीखालीच दिसते. जोडीला तो पंजे चाटत असेल, कान लाल होत असतील, तर संशय वाढतो. गोमांस, दूध-दुभतं, चिकन आणि गहू यांची ॲलर्जी कुत्र्यांत जास्त आढळते, म्हणजे दूध-पोळीतली दोन्ही नावं यादीत आहेत. त्याची परीक्षा म्हणजे त्याने कधीच न खाल्लेल्या पदार्थांवर निदान आठ आठवडे ठेवणं, मधे एकही बिस्कीट न देता. घरात आजी आणि नात असताना हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे. पण तो पुढचा प्रश्न. आज ॲलर्जीचं महागडं खाणं विकत आणू नका.

राहिला सोफा. फिनेल अजिबात नको, त्याचा अंश लाडूच्या पायांना लागून पोटात जातो. कव्हर निघत असेल तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन उन्हात टाका. निघत नसेल तर साबणाच्या पाण्याने ओलं फडकं पिळून पुसा, मग पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून हलकंसं लावा, वाळू द्या. आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का ते बघा. वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा. तरी वास राहिला तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम असलेला क्लीनर मिळतो, तो या डागांवर चांगला चालतो. आणि लाडूची शी घट्ट होईपर्यंत सोफ्यावर जुनी चादर टाका, दर दोन दिवसांनी धुवा.